वेगळी खोली

बोगदा खणणारं यंत्र भुसभुशीत मातीत शिरलं आणि वरच्या रस्त्याला भर दुपारी खड्डा पडला. कडेची जुनी इमारत एका अंगाला किंचित कलली. भुयारी रेल्वेच्या कामावर रहिवाशांशी बोलायला नेमलेल्या मॅडमना साहेबांचा फोन आला, "इमारत रिकामी करा. आत्ताच!"

अशा वेळी काय करायचं, ते मॅडमना तोंडपाठ होतं. आधी म्हातारीकोतारी, मग मुलंबाळं, गॅस बंद, आणि हाताला लागेल ते घेऊन खाली. लोक रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मॅडम "हो काका, खरंय मावशी" म्हणत जिना मोकळा करत होत्या.

पहिल्या मजल्यावर थोरला राहायचा, दुसऱ्यावर त्याचा धाकटा भाऊ. दोघंही साठी ओलांडलेले, दोघंही एकटेच राहणारे, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून झालं, ते आता त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

फुटपाथवर उभं राहूनच मॅडम लॉजच्या खोल्या वाटत होत्या. स्टेशनजवळ दोन खाटांची एक खोली शिल्लक होती. त्यांनी थोरल्याला विचारलं, "काका, भावाबरोबर राहाल ना?"

थोरला चपलेत पाय सरकवत म्हणाला, "त्याला विचारा. तो म्हणेल तसं."

धाकटा पलीकडे गादीची वळकटी सांभाळत उभा होता. मॅडमनी त्याला विचारलं, "तुम्हा दोघांना एकच खोली देऊ?"

"वेगळी द्या," तो म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "तो काय म्हणाला?"

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, भिंतीला तडा गेला! मॅडम तिकडे धावल्या. संध्याकाळी थोरला स्टेशनजवळ पोहोचला आणि धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला.

कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. साहेबांनी चारचौघांत मॅडमची पाठ थोपटली. इमारत मात्र वाचली नाही, पाडावीच लागली.

पुढे तळमजल्यावरची शिंपीणबाई नव्या घराची चौकशी करायला ऑफिसात आली. चहा घेता घेता म्हणाली, "त्या दोघा भावांची मजाच होती हो. रोज सकाळी धाकटा जिना उतरताना थोरल्याच्या दाराशी खाकरायचा, आतून थोरला रेडिओ मोठा करायचा. एवढंच यांचं बोलणं! पण एक दिवस चुकला नाही. आता कुठलं दार नि कुठला जिना."

मॅडमना चहा गोड लागेना. त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं.

"काका, त्या दिवशी तुमचे भाऊ म्हणाले होते, तो म्हणेल तसं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. गडबडीत राहून गेलं."

धाकटा म्हणाला, "तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा मला वाटलं, त्यानंही नकोच म्हटलं असणार." मग हलकेच, "आहे कुठं दादा?"

"लेकीकडे, परगावी." मॅडमनी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

पलीकडून थोरल्याचा चढा आवाज आला, "कोण, रेल्वे का? आता आणखी कशावर सही हवी?"

धाकट्याचे ओठ हलले. समोरचा कारकून मान वर करून बघत होता.

"चुकून लागला," तो पुटपुटला आणि त्यानं फोन ठेवला.

"पुन्हा लावू?"

"नको. आवाज खणखणीत आहे. बरा आहे म्हणायचं."

संध्याकाळी मॅडमनी न राहवून थोरल्याच्या लेकीला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "बाबा मघाशी म्हणत होते, आवाज ओळखीचा वाटला. पण तो कशाला फोन करेल मला?"

मॅडमकडून हे कळल्यावर धाकटा एका रविवारी भावाकडे जाऊन आला. परतल्यावर त्यानंच मॅडमना फोन केला.

"काय काका, बोललात का?"

"बोललो की. त्यानं गादीवर बसवलं, नातवाला पाया पडायला लावलं, जाताना दारापर्यंत आला. म्हणाला, येत जा अधूनमधून." मग धाकटा म्हणाला, "भेटायला म्हणून गेलं की माणूस पाहुणा होतो हो, मॅडम."

"जेवलात का?" एवढंच मॅडमनी विचारलं.