दातांनी ऐकलेला सॉस

कानवाली मावशी एकेकाळी सगळ्या गल्लीचा कान होती. दूधवाल्याने दुधात पाणी घालायचा नुसता विचार केला, तरी तिला तो चार घरं पलीकडून ऐकू यायचा म्हणे. भिंतीतल्या पालीला खोकला झाला की इकडे मावशीची झोप उडायची. लोक तिखटमीठ लावून सांगतात, मान्य. पण टोमॅटोचा सॉस ती कानाने करायची, हे मात्र अगदी खरं. चव घ्यायची नाही, झाकण उचलून बघायचं नाही. फोडणीतल्या लसणावर टोमॅटो पडले की आधी सळसळ, पाणी सुटलं की गुडगुड, दाटू लागला की भदभद. आणि अगदी शेवटी फतक... फतक. दोन फतकांच्या मध्ये एक पुरता श्वास घेता आला की गॅस बंद. त्याच्या अलीकडे पाणचट, पलीकडे करपट.

तेच कान गेले. उंदराने पोतं कुरतडावं तसे, हळूहळू, कुणाच्या ध्यानात न येता. तिला पत्ता लागला तो खालच्या शिंप्यामुळे. त्याचं मशीन बरेच दिवस गप्प होतं. मेला बिला की काय, म्हणून ती वाटीभर गरम पेज घेऊन खाली उतरली. बघते तर शिंपी मशीनवर वाकलेला, पाय सपासप चाललेले, सुई अशी नाचतेय की नजर ठरू नये. आणि आवाज काही नाही. मावशी उंबऱ्यातच थिजली. शिंप्याने तिच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि समजायचं ते समजला. समोरच्या काळ्या कापडावर त्याने खडूने लिहिलं, ‘मुलाला सांगा.’

"तू सांगितलंस तर तुझी कात्री गटारात टाकीन," मावशी म्हणाली. "आणि पेज खा. मेला नाहीस म्हणून परत नेत नाही मी."

मुलाला सांगून व्हायचं काय होतं? नळ उघडा राहून पाणी जिना उतरलं, बेल वाजवून वाजवून सून दारातच दमली, हे सगळं त्याने म्हातारचळात जमा केलं होतं. गेल्या खेपेला तो अगदी समोर बसून सावकाश बोलला, त्यामुळे ओठांवरून तिला शब्द न् शब्द कळला. "आई, रविवारी आम्ही दिवसभर येतो. तुझं तुला जमतंय असं दिसलं, तर राहा इथे. नाहीतर वृद्धाश्रमात जागा बोलून ठेवलीय." बहिरी आहे म्हणून सांगितलं असतं, तरी तिची पाठवणी तिकडेच झाली असती. बहिऱ्या म्हातारीला एकटी कोण ठेवतं? तिची थोरली जाऊ त्याच आश्रमात होती. तिला सकाळी खिडकीशी ठेवायचे आणि ऊन सरकलं की कुंडीसारखी फिरवायचे.

तेव्हा मावशीने ठरवलं, मुलासुनेच्या डोळ्यांदेखत सॉस करायचा. तो जमला की कुणाची बोलायची टाप नाही.

पण ऐकायचा कशाने? पातेल्याला तळवा लावून बघितला, पोळला. एकदा दोन्ही हातांनी पातेलं सरकवताना तिने लाकडी चमच्याचा दांडा दातात धरला. टोक सॉसमध्येच होतं. आणि कवटीत, थेट टाळूखाली, गुडगुड! त्या आनंदात तिने इतका सॉस केला, की शेजारच्या मांजराच्या मिशा महिनाभर लाल होत्या.

रविवारी दोघं आली. मावशीने टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवून सोलले, बारीक चिरले, लसूण तांबूस होऊ दिला, मीठ घातलं, चिमूटभर साखर घातली. हात कुठे अडखळला नाही.

"हात तर चांगला चालतोय," सून म्हणाली.

"हात चालतोच गं. डोकं बघायचंय," मुलगा म्हणाला.

हे आपण ऐकलं. मावशीची त्यांच्याकडे पाठ होती.

भदभद सुरू व्हायची वेळ झाली तशी तिने दोघांना गॅलरीत पिटाळलं. "इथे शिंतोडे उडतात, कपडे खराब होतील." मग चमचा सॉसमध्ये रोवला, वाकली, दांडा दातात धरला आणि डोळे मिटले.

मुलगा पाणी प्यायला आत आला. दारातून त्याला आई दिसली. शेगडीवर ओणवी, वाफेत तोंड, दातात चमचा, हनुवटीवर लाल थेंब.

"आई."

फतक.

"आई, काय करतेयस?"

फतक. मावशीने मध्ये एक पुरता श्वास घेतला, गॅस बंद केला आणि लग्नातल्या नवरीसारखी हसत वळली. मुलाचा चेहरा बघितला आणि हसू तिथेच जिरलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला ऐकू येत नाही रे," ती म्हणाली. "कधीचंच येत नाही. मी दातांनी ऐकत होते."

त्या घरात दिवसभरात एवढंच एक खरं बोललं गेलं आणि तेच सगळ्यात वेड्यासारखं वाटलं. मुलाने तिच्या हातातून चमचा काढून घेतला, लहान मुलाकडून सुरी काढून घेतात तसा. "बरं, बरं," त्याचे ओठ म्हणाले.

सुनेने बोट बुडवून चाटलं. "अहो, इतका छान तर कधीच झाला नव्हता."

"असेल. आश्रमात फोन करून टाक. उद्याच नेऊ."

"अहो, त्यांच्यासमोर..."

"तिला कुठे कळतंय?"

सुनेने उकळून ठेवलेल्या बाटल्या भरल्या. मावशी बघत होती. एक बाटली पिशवीत गेली, दुसरी गेली, मग आणखी. दरवेळी निम्म्या तिच्या फळीवर राहायच्या. आज सुनेने फळीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. शेवटची बाटलीही पिशवीत गेली. ज्या घरात उद्या कुणी जेवायला नाही, तिथे सॉस कशाला ठेवायचा? मावशीला सगळं कळलं, कानाने ऐकलं असतं तर कळलं असतं त्याहून स्वच्छ.

एका बाटलीचं झाकण तिरकं बसलं होतं. तिने पिशवीत हात घालून ती काढली, फडक्यात धरून घट्ट आवळली आणि परत उभी ठेवली.

"गार होईपर्यंत आडवी करू नका," ती म्हणाली. "सांडेल."

मुलगा काहीतरी बोलत होता. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.