कलम आधी की निकाल

सानपाड्याला स्टेशनसमोर अंकुश सरांचं वकिली ऑफिस आहे. उत्कर्षाला तिथे ज्युनिअर वकील म्हणून रुजू होऊन आठ महिने झाले होते. एका मंगळवारी गोव्यातल्या पेडण्याहून शिवरामकाका आणि पुतळाकाकू आले. काकांनी वाशीत नोकरी केली, निवृत्तीनंतर दोघं कायमचे गावी गेले. सानपाड्यातला सिडकोचा फ्लॅट मात्र काकांच्या नावावर होता. तो त्यांना मृत्युपत्र करून पुतण्याला द्यायचा होता.

"सोपं काम आहे, आजच टाइप कर," सर म्हणाले.

उत्कर्षानं तपशील विचारायला घेतला. "लग्न कुठं झालं?"

"पेडण्यात. सरकारी लग्न-नोंदणीच्या पुस्तकात आमच्या दोघांच्या सह्या आहेत," काकूंनी सांगितलं.

उत्कर्षाचा हात थांबला. गोव्याचा नागरी कायदा वेगळा, एवढंच तिनं कॉलेजात वाचलं होतं. तिनं दोन दिवस मागून घेतले आणि ओळखीतून म्हापशाच्या एका नोटरीबाईंना फोन लावला. उन्नतीताई त्यांचं नाव.

"लग्नाआधी करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता एकत्र," ताई म्हणाल्या. "निम्मा फ्लॅट त्या काकूंचाच. काकांच्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव. मूल आहे?"

"एक मुलगी, जाई."

"मग पुतण्याला फार तर पाव."

"ताई, यावर कोर्टाचा निकाल कोणता?"

"निकाल कशाला? आधी कलम वाच की!"

उत्कर्षाला गंमत वाटली. ताईंनी समजावलं. युरोपातल्या बऱ्याच देशांत लग्न, घर, वारसा सगळं एका संहितेत लिहून ठेवतात आणि न्यायाधीश तिथून सुरुवात करतो. पोर्तुगीजांनी तशीच संहिता गोव्यात आणली. इंग्रजांकडे मात्र निकालावर निकाल रचत कायदा वाढला, आणि बाकीच्या भारतात तीच पद्धत आली.

"मग उद्या सगळ्या देशाला एकच नागरी संहिता आली, तर आपणही त्या युरोपीय पद्धतीत जाणार?"

"नुसत्या पुस्तकानं पद्धत बदलत नाही गो. आमचंच बघ. कायद्याचं वळण पोर्तुगीज, कोर्टाचं इंग्रजी. वारशाचा भाग तर आता राज्याच्या नव्या कायद्यात गेलाय, साचा तेवढा जुना. वकील कलम वाचतात, पण निकालाशिवाय त्यांचं मन भरत नाही."

उत्कर्षानं कलम छापून सरांपुढे ठेवलं. त्यांनी बाजूला सारलं. "फ्लॅट महाराष्ट्रात आहे. गोव्याचं इथं काय चालणार?"

मग ती निकाल शोधायला बसली आणि सुप्रीम कोर्टाचा एक सापडला. गोव्याच्या कायम रहिवाशाची मालमत्ता राज्याबाहेर असली, तरी वारसा तिकडच्याच कायद्यानं ठरतो. सरांनी तो दोनदा वाचला.

"हे आधी का नाही दाखवलंस?"

"कलम दाखवलं होतं, सर."

सर हसले. "कलमानं मी कुठला ऐकतोय!"

गुरुवारी काका-काकू परत आले. उत्कर्षानं सगळं सांगितलं, तशी काकूंनी खुर्ची पुढे ओढली. "निम्मा माझा? कधीपासून?"

"घेतला त्या दिवसापासून, काकू."

"गावचं सुपारी-नारळाचं कुळागर विकलं तेव्हा माझी सही घेतली होती. मला वाटलं, मी साक्षीदार." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हांला ठाऊक होतं?"

काका चष्मा पुसत राहिले. "सही लागते एवढं ठाऊक होतं. का लागते, ते मीही कधी विचारलं नाही."

मग काकू म्हणाल्या, "पुतण्याला तुमच्यातलं द्यायचं तेवढं द्या. माझा भाग जाईला. पनवेलजवळ करंजाड्याला भाड्यानं राहते ती."

काका आधी कुरकुरले, मग मान हलवून म्हणाले, "तसं लिहा, मॅडम. आणि हिचं मृत्युपत्र वेगळं करा."

निघताना काकू दारात थांबल्या. "पोरी, तुझं लग्न झालंय?"

"गेल्या वर्षी. नेरूळला राहतो, शिरवण्याजवळ."

"घर नवऱ्याच्या नावावर? मग त्यात तुझं किती?"

उत्कर्षानं होकारार्थी मान हलवली आणि ती मनाशी हिशेब करू लागली. घराच्या कर्जाचा दर महिन्याचा निम्मा हप्ता तिच्या पगारातून जात होता.

"बघून सांगते, काकू," ती म्हणाली. त्या दुपारी तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या घराचे कागद वाचायला घेतले.