खोडलेलं नक्षत्र

वामनराव चुकले असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची पस्तीस वर्षं गेली, निवृत्तीलाही आता चौदा वर्षं झाली. या सगळ्या काळात फावल्या वेळी त्यांनी लोकांच्या पत्रिका मांडल्या, त्याही पुस्तकं वाचून शिकलेल्या विद्येवर. लोक पेढे घेऊन येत, "तुम्ही सांगतलं तसंच झालं" म्हणत. वामनराव पेढा हातात धरून अवघडून बसत. मनात म्हणत, आज नाही तर उद्या आपली चूक कुणाच्या तरी हाती लागणारच.

ती लागली कार्तिकातल्या एका दुपारी, शेजारच्या रुपरावांच्या वैभवीच्या हाती.

वैभवी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यातला पियुष नावाचा इंजिनियर पाय मुरगळला म्हणून तिच्याकडे आला होता. पाय पंधरा दिवसांत बरा झाला, तरी पियुष दोन महिने येत राहिला. मग दोन्ही घरी कळलं. कुणाची ना नव्हती. पियुषच्या घरी शब्द चालायचा तो त्याच्या आजीचा, वाडीच्या पार्वतीबाईंचा. त्यांना पोरगी आवडली होती. फक्त पत्रिका जुळू द्या, म्हणाल्या होत्या.

आज वैभवी आली ती दारातूनच म्हणाली, "आबाजी, घोडा अन् म्हैस एका घरात नांदतात का?"

वामनरावांच्या पत्नी सिंधूताई मेथी निवडत बसल्या होत्या. "कोणाच्या घरी आहे वं म्हैस?"

"मीच म्हैस. पियुष घोडा." ती वामनरावांच्या समोरच्या खुर्चीत धपकन बसली. "वाडीच्या गुरुजीनं दोन्ही पत्रिका जुळवल्या. छत्तीसपैकी साडेआठ. योनीत घोडा अन् म्हैस, एकमेकाचे वैरी. राशींचं षडाष्टक. नाडी दोघांची एकच, म्हणजे त्याचे आठ गुण गेलेच. आजीनं निरोप पाठवला, साक्षगंध होणार नाही, अंगठी घेऊ नका."

वामनरावांनी चष्मा काढला. अठराच्या खाली गुण आले तर लोक पुढे जात नाहीत, आणि नाडी एक असली तर पार्वतीबाईंसारखी बाई जागची हलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"पण हे पाहा," वैभवीनं फोन पुढे केला. "मी माझी जन्मतारीख अन् वेळ याच्यात टाकली तर सव्वीस गुण येऊन राहिले. कन्या रास नाहीच म्हणते हा, तूळ म्हणते. नक्षत्र हस्त नाही, चित्रा. अन् म्हैस नाही, वाघीण."

"फोन चुकला असंल," सिंधूताई मेथीवरून नजर न उचलता, नुसती नवऱ्याकडे मान करून म्हणाल्या. "यायचं चुकत नाही."

"आजीपण तेच म्हणाल्या. वामनरावजीच्या हातची पत्रिका आहे म्हणे, फोनले काय समजते?"

वैभवीची पत्रिका सत्तावीस वर्षांपूर्वी वामनरावांनीच मांडली होती. ते उठले. कपाटाच्या तळाशी त्यांच्या वह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या, ग्रंथालयात असाव्यात तशा. त्यांनी ती वही काढली, त्या वर्षाचं पंचांगही काढलं आणि टेबलाशी बसले.

वहीत रुपरावांनी दिलेली चिठ्ठी अजून टाचणीनं लावलेली होती. 'मुलगी. मंगळवार, रात्री अडीच.' एवढंच. वामनरावांना ती सकाळ आठवली. रुपराव दवाखान्यातून थेट आले होते. हसत होते, रडत होते, आणि त्या गडबडीत चिठ्ठी देऊन निघून गेले होते. पत्रिका मांडायला बसेपर्यंत काही दिवस लोटले, आणि ती सकाळ मंगळवारची होती की बुधवारची, याची खात्री उरली नव्हती. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयाला संपतो. म्हणून मंगळवारी रात्री अडीच म्हणजे इंग्रजी हिशेबानं बुधवार लागलेला. साधी गोष्ट होती. आणि वामनरावांनी ती आधी बरोबरच धरली होती. पानावर स्वच्छ लिहिलेलं दिसत होतं: चित्रा, चरण चौथा.

पण त्यावर दोन आडव्या रेघा होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रुपराव घड्याळाचे हिशेब करणारे. त्यांचा मंगळवार मध्यरात्रीपासून धरावा का?' आणि त्याखाली, 'धरावा. हस्त, चरण चौथा.' म्हणजे जन्म मंगळवारच्या पहाटेचा धरला गेला आणि चंद्र सरळ एक दिवस मागे गेला होता. जाऊन विचारलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. विचारायचा धीर झाला नाही. पत्रिकेवर इंग्रजी तारीख लिहायची त्यांची पद्धत नव्हती, वार चिठ्ठीतला तसाच मंगळवार उतरवला होता, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आबाजी?" वैभवीनं विचारलं.

"तुझा जन्म बुधवारी पहाटे झाला ना?"

"हो. दाखल्यावर बुधवारचीच तारीख आहे."

"मग फोन बरोबर आहे." त्यांनी वही मिटली. "माझं चुकलं, बेटा. तुझं जन्माचं अक्षरसुद्धा 'ठ' नव्हतं. 'री' होतं."

वैभवी एकदम हसायला लागली. "म्हणजे मले सत्तावीस वर्षं सारे मामेभाऊ ठमाबाई ठमाबाई म्हणून राहिले ते फुकटच?"

सिंधूताईंच्या हातातली मेथी ताटात पडली. "खरंच चुकलं जी तुमचं?" असं त्यांनी विचारलं, पण काही शुभवर्तमान ऐकावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

वामनरावांना वाटलं होतं की चूक सापडेल त्या दिवशी पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. उलट छातीवरचं जुनं ओझं कुणी उतरवून खाली ठेवल्यासारखं वाटलं. पण काम आता पुढेच होतं. हे पार्वतीबाईंना कुणीतरी पटवून द्यायचं होतं. रुपराव गेले असते तर पोरीच्या बापानं पत्रिका बदलली, असंच वाडीत म्हटलं गेलं असतं. जायचं होतं वामनरावांनाच, ज्यांनी लग्नकार्यात आहेर देतानाही कधी दोन वाक्यं पुरी बोलली नव्हती.

"मी येते संगं," सिंधूताई पदर खोचत म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही तिथं चहा प्याल, अन् न बोलता वापस याल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ऑटोनं निघाले. अमरावती रोडवर ट्रकांची रांग होती, ऑटो मुंगीच्या पावलानं चालला होता. वामनराव वही मांडीवर धरून ओठातल्या ओठात पाठ करत होते: माझ्याकडून अनवधानानं गणिताची एक चूक झाली.

"अनवधान नका म्हणू," सिंधूताई म्हणाल्या. "त्यायले वाटंल एखादा रोग झाला."

पार्वतीबाई ओसरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या, नाकात मोठी चमकी, आवाज खणखणीत. शेजारी पियुष उभा होता, सुट्टी काढून थांबलेला. वामनरावांना पाहून पार्वतीबाई उठल्या, स्वतः पाट पुढे केला.

"या जी, वामनरावजी. किती वर्षांनी पाय लागले तुमचे. माझ्या थोरल्या पोरीची, कुसुमची पत्रिका तुम्हीच पाहिली होती, आठवते का? दोन गुरुजी नाही म्हणत होते. तुम्ही म्हटलं, करा. आज तिले नातवंडं आहेत."

ही सुरुवात वामनरावांच्या दृष्टीनं सर्वात वाईट होती. त्यांनी घोटभर पाणी प्यायलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, अनवधान वगळून.

पार्वतीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही चुकत नसता," त्या म्हणाल्या.

"चुकलो आहे."

"रुपरावानं गळ घातली असंल. शेजारी आहे, पोरगी अंगाखांद्यावर खेळली, तिचं मन मोडवत नसंल. मले समजते. पण म्हणून लिहिलेलं बदलवायचं नसते."

"मी बदलत नाही. मी..."

"मोबाईलवाले पोट्टे तुम्हाले घाबरवून राहिले," पार्वतीबाईंनी पियुषकडे पाहिलं. पियुष जमिनीकडे पाहत होता. "तुमच्या हातावर माझा भरोसा आहे जी. देव जरी सांगाले आला तरी मी म्हणीन, वामनरावजीचं गणित बरोबर."

वामनराव उभे राहिले. सिंधूताईंना वाटलं, आता हे चप्पल घालतात. पण त्यांनी वही उघडून पार्वतीबाईंच्या मांडीवर ठेवली.

"पार्वतीबाई, आयुष्यभर मी केलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मला शंका होती. आज पहिल्यांदा एका गोष्टीची खात्री आहे, आणि ती ही की मी चुकलो. ही चूक माझी आहे. ती मी रुपरावाला देणार नाही, मोबाईललाही देणार नाही. तुम्ही वाचा."

आवाज चढला होता. पार्वतीबाईंनी चष्मा लावला आणि त्या पानावर बोट ठेवून वाचू लागल्या. चिठ्ठी वाचली. खोडलेलं वाचलं. खालची बारीक ओळ दोनदा वाचली.

"हे पहिले लिहिलेलं बरोबर होतं?"

"हो."

"मग खोडलं काहून?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

वामनरावांनी जरा विचार केला. "माझीच."

पार्वतीबाईंनी वहीवरून मान वर करून सिंधूताईंकडे पाहिलं. "अशी सवय आहे का वं बाई यायले?"

"काय सांगू," सिंधूताई मांडी बदलून बसल्या, आणि इतका वेळ गप्प राहिल्याची सगळी भरपाई करायला लागल्या. "मले पाहून गेल्यावर यायनं माझ्या बाबाले पत्र लिहिलं, मुलगी पसंत आहे म्हणून. चार दिवसांनी दुसरं पत्र. त्याच्यात काय? माझ्यासारख्या माणसाला आपली कन्या द्यावी का, याचा आपण पुन्हा एकदा विचार करावा. बाबानं तिथंच चुलीत घातलं ते. म्हणे, या माणसाचं पहिलंच पत्र खरं धरायचं."

पार्वतीबाई हसल्या. आधी नुसत्या गालात, मग खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पियुषलाही हसू आवरेना. वामनरावांना कळेना आपण कुठे बघावं. आपलं दुसरं पत्र चुलीत गेल्याचं सासऱ्यांनी कधी त्यांच्या कानावर घातलं नव्हतं.

"बरं," पार्वतीबाई सावरून बसल्या. "आता खरं काय ते सांगा. सव्वीस म्हणता?"

"सव्वीस. नाडी वेगळी, त्याचे पूर्ण आठ. राशींचे स्वामी मित्र, त्याचे पाच." वामनराव थांबले. सिंधूताईंनी डोळ्यांनी खुणावलं, पुरे. पण ते पुढे म्हणाले, "मात्र राशींच्या अंतराचे सात असतात, तिथे शून्य आहे. नवपंचम येतं. वाघ आणि घोड्याचा एकच गुण आहे. हेही तुम्हाला माहीत असावं."

ते ऐकून पार्वतीबाईंच्या चेहऱ्यावरची उरलीसुरली शंका गेली. "गळ घातलेला माणूस हे नसता बोलला," त्या म्हणाल्या. "अन् गण?"

"दोघांचाही राक्षस."

"बाप्पा. म्हणजे भांडतील."

"भांडतील, पण बरोबरीनं. एकट्यालाच ऐकून घ्यावं लागणार नाही. त्याचे सहाच्या सहा गुण आहेत."

"अन् घोड्याले वाघीण." त्या पियुषकडे वळल्या. "पळशील का रे?"

"पळता येत असतं तर तिच्याकडं पाय घेऊन गेलो नसतो, आजी," पियुष म्हणाला.

पार्वतीबाईंनी त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि आत आवाज दिला की चहा राहू द्या, पोहे करा, तर्री जास्त टाका. मग पियुषला म्हणाल्या, त्या पोरीले फोन लाव, आवाज मोठा ठेव, तिनंही ऐकलं पाहिजे. फोन लागेपर्यंत त्या वामनरावांकडे वळल्या. "साक्षगंध अन् लग्न, दोन्हीचे दिवस तुम्हीच काढा. इथंच बसून."

"इथे?" वामनरावांनी पिशवीतलं पंचांग काढलं. "घरी नेऊन नीट, दोनचार दिवसांत..."

"इथंच. घरी नेलं तर सहा पत्रं येतील मले."

वामनराव पानं चाळू लागले. ओसरीवर ऊन आलं होतं, आतून कांद्याची फोडणी येत होती, फोनमधून वैभवीचा आवाज विचारत होता, काय झालं, कोणी बोलाल का काही. त्यांचं बोट माघाच्या पानावर एका ओळीत थांबलं. दिवस चांगला होता. थंडी सरलेली, ऊन अजून तापलेलं नाही, दोघांनाही चंद्रबळ.

"लग्न माघ शुद्ध सप्तमीला," ते म्हणाले. "सकाळी अकरा वाजून अडतीस मिनिटं. साक्षगंध त्याआधी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी."

"पक्कं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

नेहमीची ती टोचणी उठलीच. पुढचं पान एकदा पाहावं, तिथे याहून बरा दिवस असेल. बोट पानाच्या कोपऱ्यावर गेलंही. सिंधूताई, पियुष, पार्वतीबाई, तिघंही त्यांच्या बोटाकडे बघत होते.

"आबाजी," फोनमधून वैभवी म्हणाली, "पुन्हा एकदा पाहून घेता का?"

"नाही बेटा," वामनराव म्हणाले, आणि पोह्यांची बशी ठेवायला जागा व्हावी म्हणून त्यांनी पंचांग मिटून बाजूला सारलं.