कशीही फिरवली तरी

"याला गोल म्हणता तुम्ही? याच्यापेक्षा बटाटा बरा!" बायकोने लाकडी चकती पुन्हा फळीतल्या भोकात घालून पाहिली. एका बाजूने बसायची, जरा वळवली की अडायची.

सुताराने चकती तिच्या हातातून घेतली. हाताला कंप सुटल्यापासून पटाशी धरणं संपलं होतं, म्हणून त्याने घरीच यंत्र जोडलं होतं. कुठे जायचं ते संगणक सांगणार, मोटर लांब स्क्रू फिरवणार आणि स्क्रूवरचा नट लाकूड कोरणाऱ्या राउटरला नेणार: एक स्क्रू पुढे-मागे, दुसरा डावीकडे-उजवीकडे. उद्या संध्याकाळी हॉटेलवाला येणार होता. टेबलांत चकत्या जडवायचं मोठं काम होतं. पण कंपाचं कानावर गेल्यापासून तो बिचकला होता. 'एक बसवून दाखवा, मग बोलू.' हे हुकलं, तर यंत्र भंगारात आणि सुतार कायमचा घरात.

"दाजी, मोटर कमी पडतेय," मेहुणा म्हणाला. त्याचा धंदा मोटर दुरुस्तीचा. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध.

"दोनदा मोठी बसवली की रे!"

"मग तिसऱ्यांदा."

"ताकद कमी असती तर यंत्र अडलं असतं. हे अडत नाही, चुकतं."

सुताराने चकतीच्या कडेवरून बोट फिरवलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे: चारच ठिकाणी कड बिघडली होती. नेमकी तिथेच, जिथे एखादा स्क्रू उलटा फिरू लागतो. त्याने एकाची मोटर सोडवली आणि स्क्रू हातात धरला. हात थरथरला. त्याच्याबरोबर स्क्रूही इकडे-तिकडे हलला. नट मात्र जागचा हलेना.

"हे बघ! नटात ढिलाई आहे. स्क्रू उलटा फिरला की नट जरा मागे राहतो. कितीही मोठी मोटर लाव, ती ही ढिलाईच जोरात फिरवणार."

"मग तो दुसरा जोड?" बायको म्हणाली. "तोकडा म्हणून पेटीत टाकलात तो?"

जुन्या यंत्रातून काढलेले दोन बॉलस्क्रू होते ते. नटात गोळ्या ठासून भरलेल्या, ढिलाईला जागाच नाही. पण सुताराला अख्खी दारं कोरायची हौस, म्हणून त्याने लांब स्क्रू निवडले होते.

"दारं राहू देत," तो म्हणाला. "चकती वीतभर तर आहे."

स्क्रू बदलले. संगणकात नव्या स्क्रूचा हिशेब घातला. बॉलस्क्रू इतके हलके फिरत होते, की सुताराने पहिल्या लहान मोटरीच परत लावल्या. मेहुण्याचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याने नवी चकती चारही बाजूंनी फिरवून बसवली. कशीही फिरवली तरी बसली. शेवटी त्याने ती अंगठ्याने दाबली आणि काढायला गेला. कडेला नख शिरेना. मेहुण्याने जोर लावला, त्याचंही शिरेना.

"असू द्या," सुतार म्हणाला. "टेबलं किती, ते बोला."

आणि गिऱ्हाइकासमोर खिशात ठेवायची सवय लागलेला हात त्याने बाहेर काढून सगळ्यांदेखत टेबलावर ठेवला.