चंदेरी क्रॉसिंग

मोठे साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर खानापूरकडच्या त्या लहानशा स्टेशनात दिसेल ते रंगवून झालं. बाकडी रंगली, कुंड्या रंगल्या. कुंडीतली झाडं मुळातच हिरवी म्हणून वाचली. उरलेल्या रंगाचं काय करायचं? सीनिअर इंजिनिअर नागेंद्र यांनी गुंडू ट्रॅकमनच्या हाती डबा दिला आणि एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथलं पोलादी क्रॉसिंगही चंदेरी करून घेतलं.

नेमका त्याच क्रॉसिंगच्या टोकाला पारमिताला तडा सापडला होता. निपाणीची ही पोर इथं ज्युनिअर इंजिनिअर. चाकांचे घाव खाऊन पोलाद आतल्या आत दमतं आणि एक दिवस कुणाची परवानगी न घेता तुटतं, हे तिला पक्कं ठाऊक. तड्याशी तिनं केलेली लाल खूण आता रंगाखाली सुखानं झोपली होती.

"सर, क्रॉसिंग बदलेपर्यंत तिथं ताशी वीसचा बोर्ड लावू या," ती म्हणाली.

"आणि साहेबांना आल्या आल्या तोच दाखवू? केसाएवढी चीर गं ती. इतक्या गाड्या गेल्या, काय झालं? उद्याची तपासणी होऊ दे, मग बघू."

खरंच होतं म्हणा. काही होईपर्यंत काहीच होत नसतं, याच भरवशावर कितीतरी खुर्च्या टिकून आहेत. पारमिताच्या डोळ्यांपुढं मात्र संध्याकाळची पॅसेंजर आली, बेळगावचा बाजार करून परतणाऱ्या बायकांनी भरलेली.

तपासणीच्या सकाळी नागेंद्र यांचा फोन आला. आवाज लोण्यासारखा मऊ.

"पारमिता, साहेबांच्या डब्यात मलाबी बसायला सांगितलंय. ते क्रॉसिंग... टिकंल न्हवं?"

"केसाएवढी चीर आहे, सर."

"चेष्टा नको! आधी वीसचा बोर्ड लाव."

"लावलाय. काल पॅसेंजर यायच्या आधीच. स्टेशन मास्तरांना माझ्या सहीनं कळवलंय."

न विचारता कुणी खिळा ठोकला तरी कारणे दाखवा नोटीस काढणारे नागेंद्र आज चक्क सुस्कारा सोडून म्हणाले, "बरं केलंस. आमची गाडी पार झाली की काढून टाक."

पारमिताला हसू यायला हवं होतं. आला तो संताप.

"न्हाय काढणार, सर. तुम्ही उद्यापासनं पॅसेंजरनं येत-जात चला. क्रॉसिंग कसं लगेच बदलतंय बघा."