वेलांटी आधी, अक्षर नंतर

आपल्या लेकीचं कौतुक आपणच करू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचू नये. बत्तीस वर्षं मी कोर्टात मराठी टायपिस्ट होते. मिनिटाला पन्नास शब्द, तेही मशीनकडे न बघता. निवृत्त झाले आणि कॉम्प्युटरपुढे एका बोटावर आले, कारण अक्षरांच्या जागाच वेगळ्या. आमच्या विहारातल्या ज्येष्ठांच्या आठवणींचं पुस्तक निघणार होतं. ते मी टाईप करते म्हटल्यावर अध्यक्ष रतनराव हसले. "प्रेमलाताई, राहू द्या. शनिवार पेठेत डीटीपीवाला आहे. अगदीच हौस असेल, तर पुढच्या रविवारी दोन पानं करून दाखवा." ते हसणं मला फार झोंबलं.

माझी दीक्षा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्याकडे एक जाडजूड, खटखट वाजणारा मेकॅनिकल कीबोर्ड होता. कुठलं बटण म्हणजे कुठलं अक्षर, हे त्याच्या चिपमधला प्रोग्रॅम ठरवतो म्हणे. त्याला फर्मवेअर म्हणतात. पण कंपनी बंद पडलेली, त्यामुळे आत काय लिहिलंय ते सांगणारं कुणी नाही. पोरीने कीबोर्ड उघडला, वायरी जोडून चिपमधले आकडे बाहेर काढले आणि कुठला आकडा कुठल्या बटणाचा, हे आठवडाभर चिकाटीने हुडकलं. मग तिथे माझ्या मशीनची अक्षरं बसवली.

शनिवारी सकाळी मी पहिला शब्द मारला, 'विहार'. वेलांटी भलतीकडेच लटकली.

"आई, तू उलटं दाबतेयस. आधी व, मग वेलांटी."

"मशीनवर ऱ्हस्व वेलांटी आधीच मारतात. बत्तीस वर्षांत एकाही न्यायाधीशाने तक्रार केली नाही."

आता ही मला सवय बदलायला सांगणार, असं वाटलं. तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. "मग तुझी बोटं बरोबर आहेत. कीबोर्डच चुकतोय."

दुपारभर ती पुन्हा त्या चिपशी झटली. आता वेलांटी मारली की कीबोर्ड ती धरून ठेवतो, आणि पुढचं अक्षर आलं की त्याच्या मागून सोडतो. मला काहीच बदलावं लागलं नाही.

रविवारी रतनराव हस्तलिखित वाचत गेले आणि मी त्यांच्याकडे बघत टाईप करत गेले. दुसऱ्या पानावर तेच म्हणाले, "ताई, जरा दमानं." पुस्तक मला मिळालं.

श्रेयाच्या पानावर मी 'टंकलेखन: प्रेमला ओव्हाळ' असं लिहिलं. त्याखाली 'कळफलक: दीक्षा ओव्हाळ'.

"आई, पुस्तकात कीबोर्डवाल्याचं नाव कोण छापतं?"

"मी," म्हटलं, आणि तिची ओळ उचलून माझ्या ओळीच्या वर घेतली.