दीड लिटरची माया

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि एका जागी उभं राहणं माझ्या अगदी जिवावर येतं. पहिली दहा वर्षं मी एका फोटोग्राफरकडे होते. त्यानं मला भरपूर पळवलं, चारचौघांत माझं कौतुक केलं आणि नवी गाडी येताच मला जिन्याखाली ढकललं. दोन वर्षं धूळ खात मी नुसती चरफडत होते.

मग मला एका नर्सबाईनं विकत घेतलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती जखमा धुते, इंजेक्शनं देते. रोजची आठ-नऊ घरं. मला आणखी काय हवं होतं?

तिच्या घरी तिचे सासरे आहेत. पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं त्यांनी टाकी भरली आणि एकदाही रिकामी पडू दिली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना घर खायला उठलं. खुर्चीत बसायचे, उठून नळ बंद आहे का बघायचे, पुन्हा बसायचे. शेवटी सुनेनं माझी देखभाल त्यांच्यावर सोपवली, तेव्हा कुठे त्यांना हुरूप आला.

माझ्या इंजिनाच्या उजव्या अंगाला काचेची लहानशी खिडकी आहे. तिच्यावर दोन खुणा आहेत, तेल त्यांच्यामध्ये दिसायला हवं. पण बघताना मला सरळ उभं करावं लागतं. बाजूच्या स्टँडवर मी डावीकडे कलले की आतलं तेलही तिकडेच जातं आणि खिडकी रिकामी दिसते. सासरे, म्हणजे माझे आजोबा, खिडकी नेमकी तशीच बघायचे. पातळी खाली दिसली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. लगेच थोडं तेल ओतायचे आणि म्हणायचे, "उपाशीच होती बिचारी." इकडे माझ्या पोटाला तडस लागली होती, ते त्यांना कोण सांगणार? मला त्यांचा राग यायचा आणि मायाही वाटायची.

हळूहळू माझं अंग जड झालं. आत तेलाला फेस आला, वाट मिळेल तिथून ते बाहेर येऊ लागलं. मागून निळसर धूर आणि फरशीवर काळे ठिपके. ठिपके बघून आजोबांना वाटलं, तेल गळून कमी होतंय. त्यांनी आणखी ओतलं.

एका मंगळवारी मी चढावर धापा टाकत बंद पडले. पुढे एका आजींच्या पायाची पट्टी बदलायची होती. नर्सबाई बॅग खांद्याला लावून पायीच गेली आणि मी रस्त्याच्या कडेला तळमळत राहिले.

संध्याकाळी मेकॅनिकनं खालचा बोल्ट सोडला. लिटरचं माप भरलं तरी धार थांबेना.

"हिला लागतं एक लिटर. हे दीडच्या घरात गेलंय. कोणी भरलं?"

आजोबांनी मान खाली घातली. "मी. मला रिकामं वाटायचं."

मेकॅनिक हसला नाही. त्यानं मला सरळ धरून खिडकी कशी बघायची ते दाखवलं, फिल्टर बदलला, मोजून नवं तेल घातलं. "वेळेवर आणलीत, इंजिन वाचलं," तो म्हणाला.

घरी आल्यावर आजोबांनी पुसायचं फडकं सुनेच्या हातात दिलं. "आता मी हिला हात लावणार नाही. तूच बघ."

दुसऱ्या दिवशी ते खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. वरून सारखा खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. माझं पोट हलकं झालं होतं, पण माझ्यापायी एक माणूस पुन्हा बेकार झाला होता. मला चैन पडेना.

चौथ्या दिवशी सकाळी नर्सबाईनं जिन्यातून हाक मारली. "बाबा, जरा खाली या ना. मी वाकून काच बघू की गाडी धरू? दोन्ही एकदम नाही जमत मला."

ते आले. दोन्ही हातांनी हँडल पकडून त्यांनी मला सरळ केलं. ती वाकली.

"मधोमध आहे."

"मग आज काही घालायचं नाही?"

"आज नाही. उद्या परत बघू."

"उद्या सहाला ये," आजोबा म्हणाले, "मी तयार असतो."

मित्रांनो, गाडीचं तेल बघताना गाडी सरळ उभी करा आणि मापापेक्षा थेंबभरही जास्त घालू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चूक सापडली तर ती त्याला जरूर दाखवा, पण त्याच्या हातचं काम काढून घेऊ नका.